पाण्याच्या मागोमाग : नाशिकच्या गोदाकाठी तीन दिवस

नाशिकमध्ये नदीकाठच्या बागेत जायचं तर आधी गंगापूर धरणाचा विसर्ग बघावा, हवामान नंतर. ऊन-पाऊस छत्रीनं भागतो. धरणातून पाणी सुटलेलं असेल तर मात्र बागेचा निम्मा भाग पाण्याखाली असतो आणि उरलेल्या निम्म्यात चिखल. सोमेश्वर, गोदा पार्क, तपोवन हे सगळे हिरवे पट्टे वर्षातले काही दिवस नदीच्या ताब्यात जातात. ते तसेच असायला हवेत. पण ते लक्षात घेऊन बांधलेली बाग आणि ते विसरून बांधलेली बाग यांत फार फरक पडतो. हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर नदीच्या उताराप्रमाणे फिरावं. पहिला दिवस धरण ते सोमेश्वर, दुसरा गोदा पार्क ते तपोवन, तिसरा थेट नांदूरमध्यमेश्वर.

विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट आहे. दहा हजार क्युसेकनं चोवीस तास पाणी सोडलं तर ८६४ दशलक्ष घनफूट जातं, म्हणजे भरलेल्या धरणाचा साधारण पंधरा टक्के भाग. पावसाळ्यात बातमीतला विसर्ग तासातासाला बदलतो, म्हणून सकाळी वाचलेल्या आकड्यावर संध्याकाळी विसंबू नये. शिवाय धरणाच्या खालच्या भागात पडलेला पाऊस या आकड्यात धरलेला नसतो. तो नाल्यांतून थेट नदीत येतो. विसर्ग कमी आणि नदी मात्र चढलेली, असं होतं ते यामुळे.

कधी जावं? धबधबा बघायचा तर जुलै ते सप्टेंबर. पक्षी बघायचे तर डिसेंबर-जानेवारी. दोन्ही एका फेरीत पुरेपूर मिळत नाहीत, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस हा त्यातल्या त्यात बरा मध्य आहे. पुराच्या खुणा अजून ताज्या असतात, वाट वाळलेली असते, पहिले पाहुणे पक्षी उतरलेले असतात आणि पहाटेची थंडी स्वेटरवर भागते. खालचा क्रम याच दिवसांसाठी आहे.

पहिला दिवस : धरण, धबधबा, सोमेश्वर

गंगापूर धरण शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. मातीचं धरण, १९६५ साली पूर्ण झालेलं, भिंत जवळपास चार किलोमीटर लांब. भिंतीवर सर्वसामान्यांना जाता येत नाही आणि तिथं कॅमेरा काढणंही बरं नाही. त्यामुळे ‘धरण बघायला’ म्हणून गेलेली मंडळी फाटकावरून परततात. बघायचं ते धरणामागचं पाणी, आणि त्यासाठी गंगावऱ्हे-सावरगावच्या बाजूला जावं. बोट क्लबही याच बाजूला आहे. रस्ता द्राक्षबागांमधून जातो. सात-साडेसातला पोचलं तर पाणी सपाट असतं. उन्हं वर आली की वारा सुटतो, लाटा काठाला लागतात आणि पाण्यावरची बदकं आत सरकतात.

दिवाळीच्या सुमारास पाणी काठोकाठ असतं, त्यामुळे गाळाचा पट्टा दिसत नाही. तो मार्चनंतर उघडा पडतो. त्यावर गाळपेर होते, कलिंगडं-काकड्या लावल्या जातात. उन्हाळ्यात आलात तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : वरून भेगा पडलेला, वाळलेला दिसणारा गाळ आतून ओलाच असतो. माणूस घोट्यापर्यंत जातो, गाडी ॲक्सलपर्यंत. फोटोसाठी पाण्याजवळ नेलेली चारचाकी ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागते, आणि रविवारी ट्रॅक्टर सहज मिळत नाही. जिथं गवत उगवलंय तिथवरच गाडी न्यावी.

धरणावरून परतताना गंगापूर गावाजवळ धबधबा लागतो. कोणी त्याला सोमेश्वर धबधबा म्हणतं, कोणी दूधसागर. गोव्याच्या दूधसागराशी याचा संबंध नाही. उंची फार नाही, पण नदीचं सगळं पात्र एका खडकाच्या धारेवरून खाली येतं, त्यामुळे रुंदी डोळ्यांत भरते. दख्खनच्या पठारावरच्या बहुतेक छोट्या धबधब्यांची घडण अशीच असते. लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक बसलेले. वरचा घट्ट थर झिजायला वेळ घेतो, खालचा सच्छिद्र थर लवकर झिजतो. मग वरच्या थराची कड पुढं आलेली राहते आणि पाणी तिच्यावरून सुटून पडतं.

धोका याच घडणीत आहे. पडणाऱ्या पाण्यानं खाली डोह कोरला गेलेला असतो, आणि डोहाच्या काठाला उतार नसतो, सरळ तुटलेली कड असते. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस पुढच्या पावलाला बुडतो. दुसरं म्हणजे शेवाळ. पाणी ओसरल्यावर काळा खडक कोरडा दिसतो, पण त्यावर शेवाळाचा पातळ थर राहिलेला असतो. नव्या स्पोर्ट्स शूजचा गुळगुळीत तळ त्यावर हमखास घसरतो. खोबणीदार रबरी तळाच्या साध्या पावसाळी सँडल बऱ्या, आणि त्याहून बरं म्हणजे ओल्या खडकावर जाऊच नये. तिसरं, विसर्ग वाढवण्याआधी इशाऱ्याचा भोंगा वाजतो, पण धबधब्याच्या आवाजात तो ऐकू येईलच असं नाही. पाण्याचा रंग अचानक गढूळ झाला, काड्या-पानं वाहून यायला लागली की वर चढायला सुरुवात करायची, सामान गोळा करत बसायचं नाही. इथं बुडून माणसं गेली आहेत, आणि त्यात पोहता येणारेही होते.

नोव्हेंबरात धबधब्याला पाणी किती असेल, हे त्या आठवड्यात धरणातून नदीत काही सोडलंय का त्यावर आहे. नसेल तर दोन-चार धारा आणि उघडा खडक. मग खडक बघावा. धारेवरच्या खाचा, पाण्यानं गुळगुळीत केलेल्या कडा आणि त्यांत अडकलेले गोटे पावसाळ्यात दिसत नाहीत.

सोमेश्वर इथून दीड-दोन किलोमीटर, शहराच्या दिशेनं. सीबीएसपासून, म्हणजे शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकापासून धरलं तर सात-आठ किलोमीटर. सिटीलिंकच्या, म्हणजे शहर बससेवेच्या बस गंगापूर रोडवरून जातात. मुख्य रस्त्यावर उतरून नदीकडे चालत यावं लागतं. स्वतःची गाडी असेल तर सोमवार टाळा. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला तर गाडी आणायचा विचारच नको.

जागा लहान आहे. महादेवाचं देऊळ, भोवती जुन्या झाडांची दाट सावली, नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या, काठाला होड्या, बाहेर कणसं, पेरू आणि भेळभत्त्याच्या गाड्या. फिरायला पाऊण तास पुरतो. पण शहराच्या कडेला असलेली काठावरची जागा कशी असावी, याचा इतका चांगला नमुना नाशिकमध्ये दुसरा नाही, आणि त्याचं श्रेय कोणत्याही सुशोभीकरणाला जात नाही. झाडं आधीपासून होती. पायऱ्या दगडी आहेत. दोन दिवस पाण्याखाली राहिल्या तरी वरचा गाळ धुतला की काम झालं. नुकसान होण्यासारखं फारसं काही काठावर नाही.

पाणी इथं संथ आणि रुंद दिसतं, कारण पुढं आनंदवल्लीला बंधारा आहे आणि त्याचा फुगवटा मागं येतो. म्हणूनच होड्या चालतात. होडीत बसण्याआधी लाइफ जॅकेट मागून घ्यावं. ते नुसतं गळ्यात अडकवून उपयोग नसतो, बाजूचे पट्टे आवळायचे. ढिलं जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि तोंडावर येतं. लहान मुलांना मोठ्यांच्या मापाचं जॅकेट दिलं जात असेल तर होडी सोडून द्यावी.

पुराची उंची मोजायला इथं पाटीची गरज नाही. काठच्या झाडांच्या बेचक्यांत बघा. वाळलेलं गवत, प्लास्टिकच्या पिशव्या, फडकी अडकलेली असतात. सगळ्यांत वरची पिशवी ज्या उंचीवर आहे, तिथवर यंदाचं पाणी आलं होतं. एकाच झाडावर दोन थर दिसले, खाली ताजा आणि वर विटलेला, तर वरचा आधीच्या एखाद्या मोठ्या पुराचा. हे एकदा बघायची सवय लागली की पुढचा सगळा काठ वेगळा दिसायला लागतो.

संध्याकाळी नवश्या गणपतीला जाऊन दिवस संपवावा. ते देऊळही आनंदवल्लीत, नदीला लागूनच आहे. साडेसहानंतर काठावर बसू नये, डास बसू देत नाहीत.

दुसरा दिवस : गोदा पार्क ते तपोवन

सव्वासहाला आसारामबापू पुलाजवळ, गंगापूर रोडच्या बाजूनं खाली उतरायचं. या वेळेला चालणाऱ्यांची गर्दी असते, ती आठनंतर ओसरते. गोदा पार्क म्हणजे कुंपण घातलेली एक बाग नव्हे. काठानं जाणारा जॉगिंग ट्रॅक, मध्येमध्ये हिरवळ, बाकडी, झाडं असा तुकड्यातुकड्यांचा पट्टा आहे. खालच्या अंगाला रामवाडीच्या दिशेनं चालत गेलं तर पाऊण-एक तास. वाट सगळीकडे सलग नाही. कुठं ट्रॅक संपतो आणि वर रस्त्यावर जाऊन पुन्हा खाली उतरावं लागतं. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असेल तर पुलाजवळचा भाग फिरून तिथूनच परत फिरावं. सिंहस्थाची कामं सुरू असल्यामुळे काही तुकडे बंदही असू शकतात.

२०१६च्या ऑगस्टमधल्या पुरानं या पार्कची मोठी मोडतोड केली. २०१९च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पाणी आलं. त्याआधी २००८च्या सप्टेंबरातला पूर होता, आणि जुनी माणसं अजून १९६९चा काढतात. हा पट्टा निळ्या पूररेषेच्या आत आहे. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ याचा अर्थ पंचवीस वर्षं निवांत असा नाही. दरवर्षी चार टक्के शक्यता, असा आहे. सलग दोन वर्षंही येऊ शकतो. आणि हे झालं रेषेपर्यंत पोचणाऱ्या पाण्याचं. रेषेच्या बरंच आत, अगदी पाण्यालगत असलेला ट्रॅक त्याहून खूप लहान पुरातही बुडतो.

म्हणून गोदा पार्कात फुलांपेक्षा बांधकाम बघण्यासारखं आहे. काय टिकलं आणि काय गेलं, हे सगळं उघड्यावर आहे.

पेव्हर ब्लॉकपासून सुरुवात करा. हे ब्लॉक वाळूच्या थरावर, सिमेंटशिवाय, एकमेकांत अडकवून बसवतात. कडेला कर्ब असतो, तोच सगळ्यांना धरून ठेवतो. पुराचं पाणी आधी कर्बच्या बाहेरची माती नेतं, मग कर्ब कलतो, कडेची ओळ सैल होते, फटीतून खालची वाळू निघून जाते आणि ट्रॅक मध्येच खचतो. वरून सगळं ठीक दिसतं, पाय टाकला की ब्लॉक डुगडुगतो. पुरानंतरच्या महिन्या-दोन महिन्यांत अशा जागी पळू नये, घोटा मुरगळायला एक ब्लॉक पुरतो. याउलट नुसत्या मुरमाची वाट पुरात निम्मी वाहून जाते हे खरं, पण चार ट्रॉल्या मुरूम टाकून रोलर फिरवला की पुन्हा तयार. नदीच्या इतकं जवळ मुरूमच हवा. त्याला उद्घाटनाच्या फोटोत रुबाब नसतो, एवढाच त्याचा दोष.

मग कठडे. आडव्या पाइपांचा कठडा दिसायला नीट, पण पुरात तो चाळणीचं काम करतो. पाणवेली, फांद्या, प्लास्टिक त्यात अडकतं, भोकं बुजतात आणि जाळीची भिंत होते. जो जोर एरवी पाइपांमधून निघून गेला असता तो सगळा भिंतीवर येतो. खांब बुडापासून वाकतात, नेहमी प्रवाहाच्या दिशेला. वाकलेला खांब दिसला की त्याच्या बुडाशी बघा. काँक्रीटचा ठोकळा उखडला असेल तर पाया उथळ होता, ठोकळा जागेवर राहून पाइप वाकला असेल तर अडकलेला कचरा जास्त होता.

संरक्षक भिंत पूर चढताना सहसा पडत नाही, ओसरताना पडते. हे अनेकांना उलटं वाटतं. पाणी चढलेलं असतं तेव्हा दोन्ही बाजूंनी दाब सारखा असतो. धरणाचा विसर्ग एकदम कमी झाला की नदी काही तासांत खाली जाते, पण भिंतीमागच्या मातीत मुरलेलं पाणी तितक्या लवकर बाहेर येत नाही. ते भिंतीला नदीकडे ढकलतं. म्हणून भिंतीला ठरावीक अंतरावर पाणी जायची भोकं ठेवतात आणि मागं खडीचा थर घालतात. भोकं बुजलेली दिसली, त्यातून गवत उगवलेलं दिसलं, तर त्या भिंतीच्या खाली बसून डबा खाऊ नये. जाळीत दगड भरून केलेल्या भिंतीला हा त्रास नाही, ती सगळीच झिरपते. थोडी फुगते, वाकते, पण उभी राहते.

दिव्याच्या खांबांवरचे जोडणीचे डबे माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर असतील तर पुरात ते बुडणार हे उघड आहे. पावसाळ्यात ओल्या हातानं अशा खांबांना टेकू नये, मुलांना तर अजिबात जाऊ देऊ नये.

झाडांचं म्हणाल तर नदीकाठची झाडं नदीला ओळखतात. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन दोन-तीन दिवस पाण्यात उभी राहून काही होत नाही. वाळुंजाच्या फांद्या तर वाकून पाण्याला वाट देतात. गुलमोहर शोभेला लावतात. त्याची मुळं वरवर पसरतात, लाकूड ठिसूळ असतं, आणि माती भिजली की तो सगळ्यांत आधी आडवा होतो. हिरवळीचंही तेच. आणून अंथरलेलं कार्पेट लॉन गाळाच्या दोन बोटं थराखाली गुदमरतं. आपली हरळी त्यातून पंधरा दिवसांत डोकं वर काढते, कारण तिची गाठीगाठींची खोडं मातीत असतात. पूर गेल्यावर जिथं हिरवळ तुकड्यातुकड्यांत दिसते तिथं जगलेली ती बहुधा हरळीच.

पाण्यावर हिरवा गालिचा दिसला तर तो पाणवेलींचा. पावसाळा संपून प्रवाह मंदावला की त्या वाढायला लागतात आणि उन्हाळ्यापर्यंत पात्र झाकून टाकतात. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद हे त्यांचं खत. एका रोपाला आडवं खोड फुटतं, त्याच्या टोकाला दुसरं रोप, आणि अनुकूल हवेत एक-दोन आठवड्यांत पसारा दुप्पट. यंत्रानं काढल्या तरी मागं राहिलेल्या तुकड्यांतून पुन्हा फुटतात, बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. काढलेला ढीग काठावरच कुजत ठेवला तर त्यातला रस पुन्हा नदीत उतरतो. पुढच्या पिकाला आपल्याच हातानं खत घातल्यासारखं होतं ते. नाल्यांचं पाणी थांबल्याशिवाय हे थांबणार नाही. पक्षी बघणाऱ्यांना मात्र याच पसाऱ्याच्या कडेला जांभळी पाणकोंबडी आणि वंचक हमखास मिळतात. मोकळ्या पाण्यावर टिबुकली आणि पाणकावळे, विजेच्या तारेवर खंड्या, दगडावर शेपूट हलवणारा धोबी.

रामवाडी पुलाशी पोचलात की पलीकडे घारपुरे घाट. इथून पुढं बाग संपून घाट सुरू होतो. भूक लागलेली असेल तर मिसळ खाऊन घ्यावी. नाशिकला काळ्या मसाल्याची मिसळ मिळते, सोबत पापड, दही आणि पाव. तर्री वेगळी मागून घ्यावी, थेट ताटात ओतू देऊ नये.

रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. नाशिककरांचं पूर मोजायचं माप हेच. पाणी मारुतीच्या पायाला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं, असंच इथं बोलतात. मारुती बुडाला म्हणजे पूर मोठा. नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी गेलं म्हणजे पिढीभर आठवण राहील असा. नारोशंकराचं देऊळ १७४७चं आहे, आणि त्याची घंटा वसईच्या विजयाची आठवण म्हणून ओळखली जाते. सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार आजही मारुतीकडे बघून माल वर हलवायचा की नाही ते ठरवतात. मारुतीसमोर उभं राहून सकाळी बघितलेल्या ट्रॅकची उंची मनात आणा. मारुतीच्या कमरेला पाणी येतं तेव्हा वरच्या अंगाला कठड्यांचं काय होत असेल ते कळतं. बुधवारी इथं गंगाघाटावर आठवडे बाजार भरतो. भाजी घ्यायची असेल तर उत्तम, चालायचं असेल तर बुधवार नको.

दुपारी विश्रांती घेऊन चारच्या सुमारास तपोवन. रामकुंडापासून अडीच-तीन किलोमीटर, रिक्षानं जावं. कपिला आणि गोदावरीचा संगम, काळ्या खडकातून वाट काढणारी नदी, लक्ष्मणाचं देऊळ, मोठी झाडं. शूर्पणखेची कथा इथलीच. जागेला सोमेश्वरासारखी शांतता असायला हवी, पण पाणी ती टिकू देत नाही. शहराचे नाले, वाघाडीसकट, इथवर नदीला मिळालेले असतात आणि मलनिस्सारण केंद्रही याच भागात आहे. खडकावरून पाणी पडतं तिथं पांढरा फेस दिसतो, तो बर्फासारखा म्हणून त्याचे फोटो काढले जातात. साबण आणि डिटर्जंटमधले घटक पाण्यात उरले आणि पाणी उंचावरून घुसळलं की असा फेस येतो. थंडीत तो जास्त वेळ टिकतो. त्याला हात लावू नये, त्या पाण्यात पाय सोडून बसू नये. खडक मात्र बघावेत, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्या खाचा छान उठून दिसतात. अंधार पडायच्या आत रस्त्यावर यावं.

तिसरा दिवस : नांदूरमध्यमेश्वर

ही काही बाग नाही, शहराच्या कडेलाही नाही. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, निफाड तालुक्यात. पण दोन दिवस जे पाणी, गाळ आणि पाणवेली बघितल्या त्या इथं येऊन थांबतात, म्हणून हा दिवस याच फेरीत घालावा.

गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ १९०७ ते १९१३ या काळात बंधारा बांधला गेला, कालव्यांना पाणी देण्यासाठी. शंभर वर्षांत त्याच्या मागं गाळ साचत गेला. पाणीसाठ्याच्या हिशेबानं हे नुकसान. पण गाळानं उथळ पाणथळी, बेटं आणि दलदल तयार झाली आणि पक्ष्यांना नेमकं तेच हवं होतं. १९८६ साली अभयारण्य झालं, जानेवारी २०२०मध्ये रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत नाव आल्याचं जाहीर झालं. महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ.

नाशिकहून पाच-सव्वापाचला निघावं. संभाजीनगरच्या रस्त्यानं चांदोरी, निफाड, मग उजवीकडे. पक्षी बघायला चापडगाव सोयीचं. निरीक्षण मनोरे तिथं आहेत, प्रवेशशुल्क भरावं लागतं, आणि गावातलेच वाटाडे मिळतात. वाटाड्या घ्यावा. कुठल्या बेटामागं आज काय उतरलंय हे त्याला ठाऊक असतं, आणि नवख्याला तास लागेल ते तो दहा मिनिटांत दाखवतो.

रस्त्यात धुकं लागतं, वेळ धरूनच निघा. द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस असतात, डावणी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीनं पहाटेच फवारणी सुरू होते. ब्लोअर चालू दिसला की गाडीच्या काचा वर करा.

दुर्बीण ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरे. १०×ची घेतली तर हात थरथरतो आणि मनोऱ्यावर दोन माणसं चालली तरी चित्र हलतं. लांबच्या बदकांसाठी खरी गरज स्पॉटिंग स्कोपची असते, तो ट्रायपॉडवर लावून मनोऱ्याच्या कोपऱ्यात ठेवावा, तिथं हादरे कमी बसतात. कपडे मातकट रंगाचे. सकाळी साडेसहा ते साडेनऊ हीच खरी वेळ. पुढं ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि महागड्या भिंगातूनही पक्षी विरघळलेला दिसतो.

नोव्हेंबरात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक येऊ लागलेले असतात. जांभळ्या पाणकोंबड्या आणि कमळपक्षी पाणवेलींवरून चालत असतात. गोदा पार्कात नकोशी वाटलेली ती पाणवेल इथं त्यांची चालायची वाट आहे. चित्रबलाक, चमचे, शराटी उथळ पाण्यात. वर भोवत्या हा शिकारी पक्षी फिरायला लागला की सगळी बदकं एकदम उठतात, तेव्हा दुर्बीण खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघावं. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दरवर्षी ठरल्या जागी, ठरल्या आठवड्यात मिळेल असं नाही. पाणी जास्त असेल तर त्याला चरायला उथळ जागा उरत नाही आणि तो दुसरीकडे उतरतो. म्हणून त्याच्यासाठी येणाऱ्यांनी आधी बंधाऱ्याची पातळी विचारावी, फोटो बघून निघू नये.

परतताना चांदोरीला दहा मिनिटं थांबण्यासारखं आहे. बंधाऱ्याची पातळी खाली नेलेली असेल तर नदीपात्रातली, एरवी पाण्याखाली असणारी जुनी दगडी मंदिरं उघडी पडलेली दिसतात. पातळी वर असेल तर काहीच दिसत नाही. नोव्हेंबरात बहुधा वरच असते, तेव्हा मंदिरांसाठी यायचं तर उन्हाळ्यात, पाणी खाली सोडल्याची बातमी वाचून. चांदोरी आणि सायखेड्याला पुराचाही मोठा फटका बसतो, कारण वरून गोदावरी आणि दारणेचं पाणी येतं आणि खाली बंधाऱ्याचा फुगवटा. नदीकाठच्या घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ शोधून बघा, झाडाच्या बेचक्यातल्या पिशवीपेक्षा ती जास्त अचूक असते. इथून नाशिक तासाभराच्या आत, फक्त दहानंतर निघालात तर शहराजवळच्या वाहतुकीत अर्धा तास जास्त धरा.